सतरा नंबरची खुर्ची

सकाळी दहाला बोलिंग क्लबचं दार उघडलं की आत शिरणारी पहिली बाई म्हणजे डल्सी हॅगर्टी. त्या गुरुवारीही तीच पहिली शिरली, पण मशीनच्या खोलीत येऊन जागच्या जागी थबकली. तिचं सतरा नंबरचं पोकी, म्हणजे जुगाराचं मशीन सताड उघडं होतं आणि आत खांद्यापर्यंत हात घालून एक माणूस काहीतरी ओढून काढत होता.

"अहो! अहो, काय करताय?"

माणसानं मान वळवली. पन्नाशीचा, जाड भुवयांचा, कमरेला किल्ल्यांचा घोस. "नोट अडकलीय. पाच मिनिटं द्या."

"पाच मिनिटांचं नाही हो. तीन दिवस बसलेय मी त्याच्यावर. दमडी सोडलेली नाही त्यानं. आता कुठे द्यायच्या बेतात आलंय, आणि तुम्ही पोटात हात घालताय! सगळं परत पहिल्यापासून सुरू झालं म्हणजे?"

शेजारच्या अठरा नंबरवर नोला क्रीड पर्स मांडीवर ठेवून नुकतीच टेकत होती. ती म्हणाली, "कुणाला सांगतेस, डल्स? पुरुषाच्या हातात पाना आला की त्याचे कान बंद होतात."

तो माणूस हसला. त्याचं नाव स्पिरो. डबो शहराहून तीनशे किलोमीटर गाडी हाकत तो महिन्यातून एकदा या येराबिन गावात यायचा. मशीनदुरुस्तीसाठी असे अकरा क्लब त्याच्याकडे होते, एकेका गावात एकेक. अकरा गावांत त्याला नावानं ओळखणारं माणूस विरळा, मशीन मात्र तो आवाजावरून ओळखायचा.

"खरं सांगू का?" तो म्हणाला. "पहिल्यापासून सुरू होण्यासारखं याच्यात काही नाहीच. तुम्ही तीन दिवस बसलात हे याला ठाऊकच नाही."

"असं कसं? मी रोज येते."

"तुम्ही येता. पण याला कालचं कुठे आठवतंय?"

डल्सीला ते लागलं, पण माणूस कुचकट बोलत नव्हता. त्यानं नोट काढली, झाकण मात्र लावलं नाही. "या, बघा," म्हणाला.

डल्सी एक्काहत्तर वर्षांची होती. ओठांना लाली लावल्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे. नवरा लेस रेल्वेत रूळ सांभाळायचा. त्याला जाऊन चार वर्षं होत आली होती. मुलगा पर्थला, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी आठपर्यंत घरातली सगळी कामं उरकायची, आणि मग उरलेला दिवस आ वासून पुढ्यात बसायचा. क्लबात थंड हवा होती, गालिचा होता, बुधवारी भाजलेलं मटण आणि लाल भोपळा स्वस्तात मिळायचा. आणि सतरा नंबर होता. इतकी वर्षं ती त्याच्यासमोर बसत होती, आणि त्याच्या पोटात काय आहे हे पाहण्याची वेळ आज पहिल्यांदा आली होती.

आत फारसं काही नव्हतंच. तारा, पंखा, पैशांचा डबा आणि एका चौकोनी पाटीवर बसवलेला नखाएवढा काळा तुकडा.

"हा तो," स्पिरो म्हणाला. "चिप. सगळा कारभार याचा. हा रात्रंदिवस आकडे उलटत असतो, क्षणाला हजारो. कुणी खेळो न खेळो, हा थांबत नाही. तुम्ही बटण दाबलंत की त्या क्षणी जो आकडा हातात असेल तो हा धरतो. तिथेच निकाल लागतो. मग समोर ती चित्रं फिरतात ना, सिंह, नाणी, राजा, ती नुसती निकाल वाचून दाखवतात. नाचून, गाऊन."

"पण परवा चार राजे आले. पाचवा अगदी रेघेच्या वर, इतकासा." डल्सीनं बोटांत अंतर धरून दाखवलं.

"इतकासा असं काही नसतंच त्यात. रेघेच्या वर राजा आला काय नि बटाटा आला काय, याच्या लेखी सारखंच. तुम्ही उठू नये म्हणून ते तसं दिसतं."

नोला ऐकत नव्हती. तिनं आपलं बटण दाबायला सुरुवात केली होती. टप, टप, टप. डल्सी मात्र हलली नाही. "पण कधीतरी द्यावंच लागतं ना त्याला? इतके दिवस घेतल्यावर?"

स्पिरोनं इकडेतिकडे पाहिलं. बारच्या कडेला शुक्रवारच्या मटणाच्या सोडतीचं पिंप होतं, कडी फिरवून चिठ्ठ्या ढवळायचं. तो तिला तिथे घेऊन गेला.

"यात शंभर चिठ्ठ्या आहेत, त्यातली एक तुमची. पहिली निघाली, दुसऱ्याची. ती परत आत टाकतात का?"

"छे. ती टॉम बॅरीला देतात. दर शुक्रवारी त्यालाच लागतं मेल्याला."

"म्हणजे आता राहिल्या नव्व्याण्णव. मग अठ्ठ्याण्णव. तुमची पाळी जवळ येत जाते. तुम्ही म्हणता ते इथे खरं आहे, वाट पाहिली की फळ जवळ येतं. आता मशीनचं बघा." त्यानं एक चिठ्ठी काढली, तिच्यासमोर धरली आणि परत आत टाकून कडी फिरवली. पुन्हा एक काढली. पुन्हा टाकली. "दर वेळी चिठ्ठी परत आत. दर वेळी शंभरच्या शंभर. तुम्ही पहिल्यांदा दाबा की दहा हजाराव्यांदा, तुमची पाळी आहे तिथेच."

डल्सी पिंपाकडे पाहत राहिली. "मशीनमध्ये शंभरच असतात का?"

स्पिरोला वाटलं, इथे थांबावं. पण बाईनं विचारलं होतं. त्यानं सोडतीच्या एका चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलीनं मांडलं. चित्रांच्या पाच पट्ट्या, प्रत्येकीवर तीस घरं, राजा एकेकच. तीस गुणिले तीस गुणिले तीस, असे पाच तीस. "दोन कोटी त्रेचाळीस लाख. त्यात एकदा पाच राजे. तुम्ही मिनिटाला किती वेळा दाबता? दहा? दिवसाचे चार तास, वर्षाचे तीनशे दिवस? मग वर्षाकाठी सात लाखांवर होतील. म्हणजे सरासरी चौतीस वर्षांतून एकदा."

"मी तेव्हा एकशेपाच वर्षांची असेन."

"आणि तेव्हाही येईलच असं नाही. चिठ्ठी परत आत जाते."

"आणि बारीकसारीक मिळतं ते?"

"ते देतात. शंभरातले पंच्याऐंशी तरी द्यावेच लागतात, कायदाच आहे. पण तुम्ही ते पंच्याऐंशी घेऊन घरी जाता का? तेच परत घालता. मग त्या पंच्याऐंशीतले पंधरा टक्के जातात, मग उरलेल्यातले. चाळणीत पाणी भरल्यासारखं आहे. चाळणी बारीक आहे, एवढंच. पाणी हळू जातं, म्हणून माणूस बसून राहतो."

डल्सीनं ती चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. "आभारी आहे," ती म्हणाली. स्पिरोनं झाकण लावलं, तशी ती सतरा नंबरवर जाऊन बसली आणि तिनं बटण दाबलं. स्पिरो हत्यारं आवरायला लागला. त्याला हे ठाऊक होतं. अकरा गावांतल्या किती जणांना त्यानं हे समजावलं होतं, आणि सगळे असेच आभार मानून खेळायला बसले होते.

पण एक गोष्ट झाली. मशीनशी तिचं जे काही नातं होतं, ते गेलं. आधी ती काचेला हळूच टकटक करायची, "चल रे बाबा" म्हणायची. आता तोंडातून शब्द निघेना. जे आपल्याला ओळखतच नाही त्याच्याशी बोलायचं काय? तरी ती रोज यायची, कारण घर खायला उठायचं आणि अठरा नंबरवर नोला असायची. नोला आणि ती दिवसाकाठी वीस वाक्यंही बोलत नसतील. नोला पेपरमिंटची गोळी न बघता पुढे करायची, डल्सी न बघता घ्यायची. अकरा वाजता एकजण उठून दोघींचा चहा आणायची. लग्नाच्या नवऱ्यानंतर डल्सी इतका वेळ दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसली नव्हती.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लेसला जाऊन चार वर्षं पुरी झाली. त्या सकाळी तिनं लेसच्या थडग्यावर ठेवायला दारातले गुलाब कापले, ओल्या कागदात गुंडाळले आणि गाडीच्या मागच्या सीटवर ठेवले. दफनभूमी गावाबाहेर, क्लबवरून पुढे. नोलाला सांगून जाऊ, ती मनाशी म्हणाली, नाहीतर ती वाट पाहत बसेल. साडेदहापर्यंत बसू. मग अकरापर्यंत. मग चहा आला. मग तीन सिंह आले, वाजलं-गाजलं, थोडे पैसे चढले, तेवढे संपले की उठू असं ठरलं. ती गाडीपाशी आली तेव्हा चार वाजून गेले होते. मार्चात तिकडचा उन्हाळा सरत येतो, तरी ऊन अडतीस अंशांचं होतं. दार उघडलं तशी आतून भट्टीसारखी वाफ आली. गुलाब काळे पडले होते. हात लावला तर पाकळ्या ओल्या चामड्यासारख्या लागल्या.

ती गाडीत बसली नाही. उन्हात तशीच उभी राहिली. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. नुसती लाज वाटली, लहानपणी चोरी पकडली गेल्यावर वाटायची तशी. मग ती वळली आणि पुन्हा क्लबात गेली.

दाराशीच ग्लेनिसचं टेबल. ग्लेनिस पूर्वी डल्सीच्या शेजारी राहायची. तिचे दुधाचे दात पडलेले डल्सीनं पाहिले होते. आता ती क्लबची मॅनेजर होती.

"काही विसरलात, मिसेस एच?"

"ग्लेनिस, तो एक कागद असतो ना? मला आत घेऊ नका असा?"

ग्लेनिसचा चेहरा बदलला. तिनं डल्सीला आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं. "बघा हं, विचार करा. कमीत कमी सहा महिने. मधे मोडता येत नाही. आणि आपल्या क्लबाला दार एकच. जेवणाच्या हॉललाही मशीनच्या खोलीतूनच जावं लागतं. म्हणजे बंदी झाली की सगळीच. बुधवारचं जेवण नाही, सोडत नाही, ईस्टर नाही."

"लिही."

"आज तुमचा दिवस वाईट दिसतोय. उद्या या ना."

"उद्या आले तर तुझ्या टेबलाशी थांबणार नाही गं मी. सरळ आत जाईन. लिही आत्ताच."

ग्लेनिसनं कागद भरला. मग कॅमेरा काढला, कारण फोटो लागतो. नवीन नोकराला ओळख पटायला हवी. डल्सीनं पर्समधून आरसा काढून लाली नीट केली. ग्लेनिसनं फोटो काढला आणि नाकावर रुमाल धरून फाइल लावायला वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कामं उरकली. नऊला पुन्हा एकदा ओटा पुसला. दहाला तिचा उजवा हात मांडीवर आपोआप हलायला लागला. टप, टप. तिनं डाव्या हातानं तो धरून ठेवला. पहिले पंधरा दिवस असेच गेले. ती गाडी काढून गावाच्या तीन रस्त्यांवरून फिरायची आणि परत यायची. दुकानात काही नको असताना जायची. वाचनालय आठवड्यातून दोनदा उघडायचं, तिथे वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचायची, मेंढ्यांच्या भावांसकट.

रविवारी पर्थहून मुलाचा फोन यायचा.

"क्लबला जातेस ना आई? बरं आहे. माणसांत असतेस. मला काळजी नाही राहत."

"हो," डल्सी म्हणायची. "सगळे विचारतात तुला."

मे महिन्यात नोला खाटकाच्या दुकानासमोर भेटली. नोला रागावलेली होती हे तिच्या पर्स धरण्यावरूनच कळत होतं.

"मला विचारलंस तरी का? सांगितलंस तरी का?"

"तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं! आता माझ्या शेजारी कोण बसतं ठाऊक आहे? कुणीच नाही. कधी एखादा ट्रकवाला. गेल्या गुरुवारी क्वीन्सलँडचा एकजण आला, तुझ्या खुर्चीत बसला, वीस मिनिटांत नऊशे डॉलर घेऊन गेला. तुझ्या मशीनचे!"

डल्सीनं विचारलं, "नऊशे?"

"नऊशे. तू बसली असतीस तर तुझे होते ते."

"नोला, तू घरी ये ना माझ्याकडे. सकाळीच ये. चहा करते, तुला आवडतो तसा."

नोलानं रस्त्याकडे पाहिलं. "सकाळी मला जमत नाही," ती म्हणाली. आणि मग, जरा मवाळ होऊन, "तुला ठाऊक आहे सकाळी मला का जमत नाही ते." तिनं पर्समधून पेपरमिंटची अख्खी पुडी काढून डल्सीच्या हातात कोंबली आणि निघून गेली. ती नोलाची शेवटची भेट.

जुलैत, तिकडच्या कडाक्याच्या थंडीत, एका मंगळवारी नोला क्लबातच वारली. अठरा नंबरवर. साडेअकराच्या सुमाराला कधीतरी तिची मान जराशी खाली गेली, इतकंच. खोलीत आणखी सहा माणसं होती. प्रत्येकाचं लक्ष आपापल्या काचेकडे. बारा वाजता साफसफाई करणारी बाई टोपली घेऊन आली तेव्हा तिला दिसलं की या बाईचं मशीन गातंय, पण हात हलत नाहीये. ग्लेनिसनं नंतर कॅमेऱ्यात पाहिलं. पस्तीस मिनिटं ती तशी बसलेली होती. हे ग्लेनिसनं डल्सीला फोनवर सांगितलं, आणि सांगून झाल्यावर सांगायला नको होतं असं म्हणाली.

शुक्रवारी चर्चमध्ये डल्सी तिसऱ्या रांगेत बसली. दफनभूमीतही गेली, वारा असा होता की पाद्रीबाबांचे शब्द कुणाला ऐकू आले नाहीत. मग सगळे हात चोळत गाड्यांकडे निघाले, आणि जो तो तिला म्हणत होता, "चल, क्लबात भेटूच." येराबिनला कुणी गेलं की चहापाणी क्लबातच असतं. डल्सी हो म्हणाली. गाड्यांच्या रांगेत तिचीही गाडी होती, आणि सगळ्यांबरोबर ती क्लबाच्या आवारात येऊन थांबली. लोक उतरून आत गेले. दार मिटलं.

ती गाडीतून उतरून काळा कोट घालून उभी राहिली. परत जावं हे कळत होतं. पण घरी जाऊन करायचं काय? आत नोलाबद्दल लोक बोलत असतील. कुणीतरी तिची नेहमीची, टॅक्सीतल्या फजितीची गोष्ट सांगत असेल, आणि चुकीची सांगत असेल.

दहा मिनिटांनी दार उघडलं आणि ग्लेनिस बाहेर आली. हातात कागदानं झाकलेली बशी आणि वाफाळता कप. तिचे डोळे सुजले होते.

"मिसेस एच, मला खूप... मी वरच्यांना विचारलं. आजच्या दिवसापुरतं म्हणून. पण ते म्हणाले की एकदा मोडलं तर..."

"मीच सही केलीय गं. तू कशाला रडतेस? आत जा, थंडी आहे."

"अंड्याचे सँडविच आहेत. आणि दोन लॅमिंग्टन. खोबरं लावलेले केक, तुम्हाला आवडतात ते."

"जा तू."

ग्लेनिस गेली. बशी हातात धरून कप कुठे ठेवावा हे डल्सीला कळेना. तेवढ्यात आवाराच्या टोकाला उभ्या असलेल्या पांढऱ्या व्हॅनचं मागचं दार उघडून कुणीतरी हाक मारली. "इथे ठेवा. इथे वारा लागत नाही." स्पिरो होता. त्याची येराबिनची फेरी नेमकी त्या दिवशी आली होती. आतली गर्दी ओसरेपर्यंत त्याला काम करता येत नव्हतं. तो डब्यातला पाव खात व्हॅनच्या मागच्या फळीवर बसला होता. डल्सी शेजारी बसली. दोघांचे पाय लोंबत होते.

"तुमच्या त्या मैत्रीण ना? कान बंद होतात म्हणाल्या त्या?"

"हो. तीच."

थोडा वेळ दोघं खात राहिली. मग डल्सी म्हणाली, "एक विचारायचं होतं. मे महिन्यात माझ्या मशीनवर एका ट्रकवाल्याला नऊशे लागले. ते माझे होते का? खरं सांगा. तेव्हापासून रात्री झोप येत नाही मला."

"नव्हते," स्पिरो ताबडतोब म्हणाला. "आकडे क्षणाला हजारो उलटतात. त्यानं ज्या क्षणी बोट टेकवलं त्या क्षणी तो आकडा होता. तुम्ही तिथे असता तर तुमचं बोट पापणी लवायच्या आधी पडलं असतं, किंवा नंतर. दुसराच आकडा. ते नऊशे कुणाचेच नव्हते. त्याला मिळेपर्यंत त्याचेही नव्हते."

डल्सीनं मान हलवली. कपातला चहा निवत चालला होता. मग तिनं जे विचारायचं होतं ते विचारलं.

"आणि नोलाचं? पस्तीस मिनिटं बसून होती ती. कुणी पाहिलं नाही. मी शेजारी असते तर? ग्लेनिस म्हणते, डॉक्टर म्हणाले झटक्यात गेली. डॉक्टर सगळ्यांनाच तसं सांगतात. हेही तसंच का, तुमच्या आकड्यांसारखं? म्हणजे मी असते तरी काही वेगळं झालं नसतं?"

स्पिरोनं हातातला पाव डब्यात ठेवला. हो म्हणणं सोपं होतं.

"नाही," तो म्हणाला. "ते तसं नाही. तुम्ही शेजारी असता तर तुम्हाला दिसलं असतं. एवढं नक्की. त्यापुढे काय झालं असतं, मला ठाऊक नाही."

इतक्या दिवसांत तिला कुणी खोटी समजूत न घालता उत्तर दिलं नव्हतं. आता कुठे तिला रडू आलं. ती रडत असताना स्पिरो समोरच्या कुंपणाकडे बघत राहिला. तो उठला नाही, आणि त्यानं पाठीवर हातही ठेवला नाही.

नंतर नोलाची मुलगी जनीन बाहेर येऊन गेली, पाचच मिनिटं. "आई म्हणायची, डल्सी मला पुरुषांच्या तावडीत टाकून पळाली," असं ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग तिला आतून कुणीतरी हाक मारली. स्पिरोला चार वाजता पुढच्या गावी पोहोचायचं होतं. डल्सीनं बशी ग्लेनिसच्या गाडीच्या टपावर ठेवली आणि घरी गेली.

सप्टेंबरच्या शेवटी सहा महिने पुरे झाले. बुधवार होता. डल्सी निळा ड्रेस घालून क्लबात गेली. ग्लेनिसनं फाइलमधून कागद काढला, तिला अर्ज भरायला लावला, दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाली, "या. जेवून घ्या आधी. तुमच्यासाठी मटणाचा काठाचा कुरकुरीत तुकडा ठेवायला सांगते."

हॉलला जायला मशीनच्या खोलीतूनच वाट होती. डल्सी सरळ पुढे बघत चालली, पण डोळा गेलाच. सतरा नंबरवर एक अनोळखी बाई होती, चाळिशीची, शाळेत मुलं सोडून आल्यासारखी. अठरा नंबर मोकळा. त्याच्या काचेवर सिंह एकटाच झुलत होता, कुणालातरी बोलवत.

जेवण चांगलं होतं. चारजणी तिच्या टेबलाशी येऊन "आलीस का परत" म्हणून गेल्या आणि बशा रिकाम्या झाल्यावर एकेक करून पलीकडच्या खोलीत सटकल्या. डल्सी टेबलाशी एकटी उरली. भिंतीपलीकडून गाणं येत होतं, आणि तिचा हात मांडीवर हलायला लागला होता. तिला गंमत वाटली. स्पिरोचं सगळं गणित तिला पाठ होतं, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवलं असतं. हाताला मात्र त्यातलं अक्षर ठाऊक नव्हतं.

ती उठून ग्लेनिसच्या टेबलाशी आली. "तो कागद परत घाल फाइलमध्ये."

"आत्ताच तर काढला! मिसेस एच, आत नुसतं जेवायला तरी..."

"नुसतं जेवायला जमणार नाही मला. या वेळी वर्षाचा कर."

"आणि मग तुम्ही दिवसभर करणार काय?"

"ठाऊक नाही," डल्सी म्हणाली. ते खरंच होतं. फोटो नवा काढावा लागला नाही. जुनाच चालला.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी गावाचा पोहण्याचा तलाव उन्हाळ्यासाठी उघडला. सकाळी सात वाजता डल्सी तिथे गेली. पोहण्याचा पोशाख तिनं डाकेनं मागवला होता. शेवटचा घातला होता तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. तिकीट देणाऱ्या बाईनं पाणी थंड आहे म्हणून बजावलं. तलावात कुणी नव्हतं. ती शिडी धरून उथळ बाजूला उतरली, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली, आणि पोहायचं कसं हे आठवेना म्हणून चालायला लागली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. हात पाण्यात सोडून दिलेले. पाण्यात ते जड होत आणि आपोआप हलायचे थांबत.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला शिडीवरून आणखी कुणीतरी उतरलं. ऑड्री व्हीलन, शाळेत संगीत शिकवायची ती. तीस वर्षांची तोंडओळख, बोलणं कधी झालं नव्हतं. ऑड्री पाण्यात शिरताना शिव्या देत होती, आणि त्या शिव्या संगीताच्या बाईला शोभणाऱ्या नव्हत्या.

"तुमचेही गुडघे दुखतात का?" तिनं विचारलं.

"नाही," डल्सी म्हणाली. "गुडघे बरे आहेत."

ऑड्रीनं पुढे विचारलं नाही. ती शेजारच्या पट्ट्यात चालायला लागली, दात वाजवत. दोघी भिंतीपर्यंत गेल्या, वळल्या आणि परत निघाल्या.